फोन कुणाच्या हातात आहे ते आधी बघा : सोशल मीडिया, बायका आणि निवडणूक यावर ठाणे-नवी मुंबईत पीएचडी करताना

कोपरखैरणेतल्या एका उमेदवार ताईंना मी इन्स्टावर मेसेज टाकला होता, ताई भेटायला येऊ का म्हणून, आणि दोन मिनिटात उत्तर, "या ना कधीपण, जेवायलाच या". गेले तर ताईंना माझा पत्ताच नाही. कोण तुम्ही, कुठल्या पेपरच्या? मग कळलं की उत्तर पुतण्याने दिलेलं, अकाउंट तोच चालवतो, ताईंच्या फोनमध्ये इन्स्टा नाहीच. तोपर्यंत मी सात-आठ महिने "महिला उमेदवार स्वतःला ऑनलाइन कशा मांडतात" असा विषय डोक्यात घेऊन फिरत होते आणि गोळा केलेल्या पोस्टमधल्या किती खरंच त्या बायकांनी टाकल्यात हे मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला परत येताना वहीत एकच ओळ लिहिली, फोन कुणाच्या हातात आहे. आता माझं चौथं वर्ष चालू आहे, अजून तीच ओळ धरून काम करतेय. दर दोन महिन्यांनी कोणीतरी ज्युनियर फोन करून सुरुवात कशी करू विचारतं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

विषय आधी चिरून घ्या

"सोशल मीडियाचा महिलांच्या राजकीय सहभागावर होणारा परिणाम" असं लिहून नेलंत तर गाईड मॅडम चष्म्यावरून बघणार आणि बरोबर करणार. परिणाम हा शब्दच खोडून टाका. परिणाम सिद्ध करायला जे लागतं ते तुमच्याकडे नसणार आहे, एकट्या माणसाकडे, एका लॅपटॉपवर तर नाहीच. बेलापूरचं उदाहरण घ्या. २०२४च्या विधानसभेत मंदा म्हात्रे तिथून ३७७ मतांनी निवडून आल्या. ३७७ म्हणजे दोन-तीन मोठ्या सोसायट्या. इतक्या फरकात कोणीही उठून सांगू शकतं की रीलमुळे झालं, पावसाळ्यातल्या खड्ड्यांमुळे झालं, शेवटच्या रात्रीमुळे झालं, आणि कोणालाच खोटं पाडता येत नाही. तुमच्या डेटाने तर ते अजिबात ठरणार नाही.

त्यापेक्षा तीन साधे प्रश्न घ्या आणि त्यातला एक मुख्य ठरवा. खातं चालवतं कोण? बाईला त्यात कुठल्या रूपात दाखवतात, म्हणजे ताई, वहिनी, सून, वाघीण, का नगरसेविका? आणि खाली लोक काय लिहितात? तिन्ही जमले तर छान, पण तिन्हींना वेगवेगळा डेटा लागतो हे लक्षात ठेवा, पहिल्याला प्रत्यक्ष भेटी, दुसऱ्याला पोस्ट आणि फोटो, तिसऱ्याला कमेंट.

आणि जेंडर म्हणजे फक्त बायका नव्हेत हे आपण वाचतो खूप पण सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) लिहिताना विसरतो. पुरुष उमेदवार भाऊ, दादा, साहेब होऊन फिरतात ना, तेही जेंडरच आहे. २०२४च्या जूनमध्ये महिन्याला १५०० रुपयांची लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि त्या विधानसभेत सगळा प्रचारच भाऊ-बहिणीच्या नात्यात गेला, राखीचे फोटो, ओवाळणी वगैरे. पुरुष उमेदवारांच्या पोस्ट यादीत नसतील तर बायकांच्या पोस्टमध्ये वेगळं काय ते सांगणार कशाच्या जोरावर?

आपल्याच शहराची निवडणूक नीट समजून घ्या

हा भाग सगळे गुंडाळतात आणि मग व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अडकतात. लोकसभा-विधानसभा भारत निवडणूक आयोग घेतो, महापालिका राज्य निवडणूक आयोग घेतो, दोन वेगळ्या संस्था, दोन वेगळ्या वेबसाइट. महिला आरक्षण स्थानिक संस्थांमध्ये ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीने १९९३पासून आलं, तेव्हा एक तृतीयांश, महाराष्ट्रात २०११ला ते ५० टक्के झालं. विधानसभा-लोकसभेसाठी २०२३ची १०६वी दुरुस्ती आहे, पण ती लागू व्हायला जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना व्हावी लागते अशी त्यात अट आहे. म्हणून एकाच शहरात दोन चित्रं दिसतात, पालिकेत निम्म्या जागा बायकांच्या आणि २०२४ला विधानसभेत २८८ पैकी २१ बायका, लोकसभेत ५४३ पैकी ७४. अभ्यासाला याहून सोपी तुलना मिळणार नाही, तेच रस्ते, तेच कार्यकर्ते, फक्त नियम वेगळे.

आता तारखा. नवी मुंबईत पालिकेची निवडणूक एप्रिल २०१५ला झाली आणि त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ला. पुढची २०२०लाच व्हायची होती, कोविडमध्ये राहिली ती राहिलीच. जिओ आलं सप्टेंबर २०१६ला. टिकटॉक बंद झालं २९ जून २०२०ला आणि लगेच जुलैत रील्स आल्या. म्हणजे नवी मुंबईच्या मागच्या नगरसेविका निवडून आल्या तेव्हा स्वस्त डेटा नव्हता, रील नव्हती, होतं ते फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि फ्लेक्स. ठाण्याची आधीची निवडणूक फेब्रुवारी २०१७ची, जिओ येऊन जेमतेम पाच महिने झालेले. अशी तुलना करायला बाहेरचे लोक तरसतात आणि आपल्याला ती खाडीच्या दोन बाजूंना आयती मिळालीय.

पण त्यात एक खड्डा आहे आणि मी त्यात पडले होते. २०१५ला नवी मुंबईत एक वॉर्ड एक नगरसेवक होता, १११ वॉर्ड. २०२६ला तेच १११ सदस्य २८ प्रभागांतून, म्हणजे पॅनल. ठाण्यात १३१ जागा आणि ३३ प्रभाग, तिथे २०१७लाच चारचं पॅनल होतं. पॅनल म्हणजे मतदार अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणं दाबतो (एखाद्या प्रभागात तीन) आणि प्रचारही चौघांचा मिळून होतो. आता सांगा, चार चेहऱ्यांची एक क्रिएटिव्ह (प्रचाराचं तयार चित्र) चारही अकाउंटवरून एकाच वेळी पडली तर ती कुणाची पोस्ट धरायची? मी आधी चारदा मोजली. मग सगळं उपसून परत केलं. आता माझ्या शीटमध्ये "पॅनल पोस्ट" असा वेगळा रकाना आहे आणि त्यातच सगळ्यात मजेशीर गोष्टी सापडतात, चार चेहऱ्यांमध्ये बाईचा फोटो कुठे आहे, केवढा आहे, हात जोडलेला आहे की बोट उंचावलेलं, नावापुढे आडनाव माहेरचं की सासरचं, आणि वरच्या नेत्यांच्या गोल फोटोंमध्ये एक तरी बाई आहे का.

नोंदणी, कोर्सवर्क वगैरे, पटकन

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएचडीसाठीचे २०२२चे नियम वाचून काढा, कंटाळवाणे आहेत पण वाचा. किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, त्यावर मुदतवाढ, आणि बाई असाल तर अजून दोन वर्षांची सवलत, शिवाय बाळंतपणासाठी २४० दिवसांची रजा. हे ऑफिसात कोणी आपणहून सांगत नाही. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, त्यात संशोधन नीतीचा पेपर असतो तो टाइमपास समजू नका, तुमचा सगळा विषयच त्यावर उभा आहे. दर सहामाहीला समितीपुढे उभं राहावं लागतं. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी फेलोशिप) असेल तर २०२३पासून महिना ३७,००० मिळतात, नसेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपमधलं आपल्याला लागू काय ते बघा.

वाचायला आपल्याकडे जागा आहेत. एसएनडीटीचं स्त्री अभ्यास केंद्र १९७४चं, देशातलं पहिलं, जुहूला आहे, एकदा तरी जाऊन या. जुने प्रबंध शोधगंगा या साइटवर घरबसल्या मिळतात. आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३पासून आहे, सोशल मीडियावर तिथे काय मिळणार असं मलाही वाटलं होतं, पण नुसतं बसून लिहायला शांत जागा हवी असेल तर घोडबंदर रोडवरच्या कॅफेत दोनशे रुपयांची कॉफी घेण्यापेक्षा कधीही बरं.

यादी : कोण कोण बघायचं

सगळ्या १११ किंवा १३१ जागा घेऊ नका. मी चार प्रभाग घेतले, एक नौपाड्याकडचा जुना मराठी वस्तीचा, एक मुंब्र्यातला, एक घोडबंदरच्या टॉवरांचा आणि एक नवी मुंबईत जिथे गावठाण, माथाडींची घरं आणि झोपडपट्टी अशी तिन्ही येतात. चार ठिकाणी फोन वापरायची पद्धत चार तऱ्हेची आहे. टॉवरमध्ये सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे निम्मा प्रचार, गावठाणात अजून बॅनर आणि नातं.

अकाउंट शोधायचं कसं? विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना फॉर्म २६ या प्रतिज्ञापत्रात स्वतःची सोशल मीडिया खाती लिहावी लागतात आणि ती प्रतिज्ञापत्रं आयोगाच्या साइटवर बघता येतात. महिला उमेदवारांची ती ओळ बघा, कोरी आहे का, भरली असेल तर तेच खातं प्रत्यक्षात चालू आहे का दुसरंच कुठलं. ही एक ओळसुद्धा डेटा आहे. पालिकेसाठी मी साधी पद्धत वापरली, बॅनरवरचे क्यूआर कोड स्कॅन करत फिरले. लोक बघत होते, बघू देत.

मग प्रत्येक फेसबुक पेजचा ट्रान्सपरन्सीचा भाग उघडा. पेज कधी तयार झालं आणि नाव कधी बदललं हे तिथे दिसतं. याच्याशेजारी आरक्षणाच्या सोडतीची तारीख लिहा. जागा महिलांसाठी राखीव निघाली आणि पुढच्या काही दिवसात "अमुक भाऊ मित्रमंडळ"चं "सौ. अमुकताई" झालं, तर तुमचा अख्खा प्रबंध त्या दोन तारखांच्या मध्ये बसलाय. उलटंही असतं हां, काही बाया दहा-दहा वर्षं स्वतः पेज चालवतायत, बचत गटाचे फोटो, पाण्याच्या टँकरचे फोटो, स्पेलिंगच्या चुकांसकट, आणि आरक्षण पडो न पडो त्या लढतात. त्यांना "नवऱ्याचा शिक्का"वाल्या गठ्ठ्यात टाकू नका, तो आळस आहे.

गोळा करणं, आणि ते आत्ताच करणं

निवडणूक संपली की डेटा जातो. स्टोरी चोवीस तासात जाते, हरलेले लोक पेज बंद करतात, जिंकलेले जुन्या पोस्ट साफ करतात. नंतर बसून गोळा करू म्हणाल तर काही उरत नाही. आधी फेसबुकच्या पोस्ट एकगठ्ठा शोधायला क्राउडटँगल नावाचं साधन होतं, ते १४ ऑगस्ट २०२४ला मेटाने बंद केलं. त्याजागी मेटा कंटेंट लायब्ररी आहे, तिला संस्थेमार्फत अर्ज करावा लागतो, वेळ लागतो, म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच करून टाका. ट्विटरचा म्हणजे एक्सचा डेटा ओढायचा फुकट रस्ता २०२३लाच बंद झाला आणि खरं सांगायचं तर पालिकेच्या राजकारणात एक्सवर असतं कोण, दोन-चार पत्रकार आणि तक्रारी करणारे काका.

यूट्यूब मात्र सोनं आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या लोकल बातम्यांच्या चॅनलवर उमेदवारांच्या मुलाखती असतात आणि खाली कमेंटचा पूर. यूट्यूबचा अधिकृत एपीआय (प्रोग्रामने डेटा ओढायचा रस्ता) रोज १०,००० युनिट देतो, शोधायला एका वेळी १०० युनिट जातात पण कमेंट ओढायला फक्त १, म्हणून शोध हाताने करा आणि व्हिडिओची यादी देऊन कमेंट मशीनने ओढा. प्रोग्राम लिहिता येत नसेल तर यूट्यूब डेटा टूल्स नावाचं फुकट साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. इन्स्टासाठी अ‍ॅमस्टरडॅमच्या डिजिटल मेथड्सवाल्यांचं झीशुइमर हे फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन आहे, तुम्ही स्क्रोल कराल तेवढं साठवून ठेवतं. पण प्लॅटफॉर्मच्या अटींचा प्रश्न येतो, म्हणून वापरण्याआधी नीती समितीकडे लेखी मांडा, गुपचूप करू नका.

मेटाची अ‍ॅड लायब्ररी याच विषयासाठी केलीय की काय वाटावं. राजकीय जाहिरात असेल तर पैसे कुणी दिले, साधारण किती दिले, आणि ती बघणाऱ्यांत कुठल्या वयाचे किती पुरुष किती बायका हे सगळं तिथे असतं आणि सात वर्षं राहतं. बाईच्या नावाच्या जाहिरातीचे पैसे कुणाच्या नावाने गेलेत ते बघा. "बायकांसाठी" केलेली जाहिरात प्रत्यक्षात पुरुषांनीच जास्त बघितली असंही निघू शकतं. दोन मर्यादा आहेत. जागा राज्यापर्यंतच कळते, ऐरोली की वाशी ते कळत नाही. आणि राजकीय म्हणून जाहीर न करता नुसतीच बूस्ट केलेली, म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवलेली, पोस्ट चालू आहे तोवरच दिसते, म्हणून प्रचाराच्या दिवसांत रोज रात्री ठरलेल्या वेळी बघायचं, मी रात्री साडेदहाला जेवण झालं की बसायचे.

स्क्रीनशॉट घेताना लिंक, तारीख, वेळ, आणि कोणत्या फोनवरून कोणत्या खात्याने बघितलं हे शीटमध्ये लिहा, कारण तुमची फीड आणि माझी फीड वेगळी असते. मी सेकंडहँड फोन आणि वेगळं सिम घेतलं फक्त या कामासाठी, घरच्या खात्यावर मावशीच्या लेकीचा साखरपुडा आणि उमेदवारांच्या रील एकत्र यायला लागल्या होत्या.

एक गंमत सांगते. २०२६चं मतदान १५ जानेवारीला आलं, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. त्यामुळे प्रचाराचा शेवट आणि हळदीकुंकवाची तयारी एकत्रच. बायका जमवायचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हक्काचं निमित्त आणि तेच आता रीलमध्ये. कोणी हळदीकुंकू केलं आणि कोणी केलं नाही, विधवा बायकांना बोलावलं का, वाण काय दिलं, मुस्लिम वस्तीत त्याऐवजी काय केलं, व्हिडिओत माईक कुणाच्या हातात होता, हे सगळं बघण्यासारखं आहे. गाणं लावलेल्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये उमेदवार बाई एक शब्द बोलत नाही असं किती वेळा होतं ते मोजून बघा, मी "आवाज आहे / नाही" असा रकाना नंतर घातला, आधी सुचलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

कमेंट वाचणं

इथे दम निघतो, आधीच सांगते.

याआधी काय झालंय ते माहीत पाहिजे. २०१९च्या लोकसभेच्या वेळी अ‍ॅम्नेस्टी या मानवाधिकार संस्थेने ९५ महिला राजकारण्यांना आलेली १,१४,७१६ ट्विट तपासली होती, त्यात मराठीही होतं, आणि साधारण सातातलं एक ट्विट आक्षेपार्ह किंवा शिवीगाळीचं निघालं. काम चांगलं आहे, पण ते मोठ्या नेत्यांचं आणि ट्विटरचं. आपल्या प्रभागात चित्र वेगळं असतं कारण इथे शिवी देणारा उद्या भाजी घेताना भेटणार असतो. म्हणून शिव्या कमी आणि टोमणे जास्त.

मशीनकडून करून घ्यायचा मोह होतो. मराठीसाठी पुण्याच्या एल३क्यूब या संशोधन गटाचा महाहेट नावाचा डेटासेट आहे, पंचवीस हजारांवर ट्विट, द्वेष, अपमान, शिवराळ आणि यातलं काहीच नाही अशा चार वर्गांत लावलेली. सुरुवातीच्या चाळणीला वापरा, हरकत नाही. पण ही कमेंट बघा, "ताई तुमचं काम खूपच छान, फक्त पुढचं साहेबांना विचारून सांगा". कोणतंही मॉडेल हिला कौतुक म्हणेल. वाशी ते कळवा कोणीही मराठी माणूस हसेल. शिवाय लोक लिहितात कसं, निम्मं इंग्रजी अक्षरात मराठी, मध्येच हिंदी, गावठाणातले लोक आगरीत, आणि उरलेलं नुसत्या इमोजीत. एका बाईच्या प्रत्येक पोस्टखाली कोणीतरी लाटण्याची आणि पोळीची चित्रं टाकत होता, त्यात शब्दच नाही तर मॉडेल पकडणार काय?

म्हणून हाताने कोडिंग, म्हणजे प्रत्येक कमेंट वाचून तिला गटाचं नाव लावणं. आधी दोनशे कमेंट नुसत्या वाचा, काही लावू नका. मग गट आपोआप दिसतात. माझे असे निघाले : चूल सांभाळ छापाचे, नवऱ्याच्या नावावर येणारे, दिसण्या-कपड्यांवरचे, उघड लैंगिक, जात किंवा धर्म मध्ये आणणारे, आणि एक गट जो मी आधी सोडून देत होते, कौतुकाचे. रणरागिणी, वाघीण, आमची लेक, साक्षात दुर्गा. हे चांगलंच आहे की, असं वाटतं ना? पण त्याच पोस्टवर त्याच पॅनलच्या पुरुषाला "भाऊ, नाल्याचं काम कधी" असं कामाचं विचारतात आणि बाईला देवी करून मोकळे होतात. कामाचा प्रश्न कुणाला विचारला जातो, हा रकाना माझ्या प्रबंधातला सगळ्यात उपयोगी रकाना ठरलाय.

मग त्याच दोनशे कमेंट दुसऱ्या माणसाला द्या, तुमचे कोड न दाखवता, आणि दोघांचं किती जुळतं ते कोहेनचा कॅपा किंवा क्रिपेनडॉर्फचा अल्फा या जुळणी मोजायच्या आकड्यांनी काढा. अल्फा ०.८च्या वर असेल तर निश्चिंत, ०.६६७च्या खाली असेल तर तुमच्या व्याख्याच ढिल्या आहेत. माझा दुसरा कोडर पुरुष होता, मुद्दाम घेतला, आणि "ताई"वरून आमची दोन तास वादावादी झाली. त्याला ताई म्हणजे आदर. मला बऱ्याच ठिकाणी ताई म्हणजे गप्प बसवणं. शेवटी दोघांचंही बरोबर होतं, ताईनंतर क्रियापद कुठलं येतं त्यावर ठरतं.

दिवसाला दीडशेच्या वर कमेंट वाचू नका. मी एकदा रविवार धरून सातशे वाचल्या आणि मग दोन दिवस कुणाशी नीट बोलले नाही, आईला वाटलं लग्नाचं काहीतरी मनाला लागलंय.

भेटी

वेळ महत्त्वाची. अर्ज भरायचे दिवस आणि शेवटचे दहा दिवस कोणी तुमच्याशी बोलणार नाही आणि बोलू नये. गणपतीत, नवरात्रात सगळे भेटतात, ओळख तेव्हाच करून ठेवा. खऱ्या मुलाखती निकालानंतर महिन्याभराने. हरलेल्या बाया मोकळेपणाने बोलतात, आणि ज्यांना तिकीटच नाही मिळालं त्या तर सगळ्यात जास्त, त्यांना यादीतून वगळू नका.

घरी गेलं की नवरा बसतोच. प्रश्न बाईला, उत्तर साहेबांचं. त्यांना उठवायचा प्रयत्न करू नका, बाईंवर येतं ते. मी पहिली मुलाखत साहेबांसकट करते, तीही रेकॉर्ड होते आणि कोण कुणाला कुठे तोडतं हे पण लिहिते. मग दुसऱ्यांदा बाईंसोबत बाहेर जाते, हळदीकुंकू, बचत गटाची बैठक, पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात तक्रार द्यायला. रिक्षात मागच्या सीटवर ज्या गोष्टी कळतात त्या दिवाणखान्यात सात जन्मात कळत नाहीत.

मागे स्क्रोल करत जाणं ही पद्धत नक्की वापरा. बाईंनाच त्यांचा फोन किंवा पेज उघडायला सांगा आणि दोघी मिळून मागे मागे जा, हा फोटो कुणी काढला, हे वाक्य कुणाचं, हे टाकायच्या आधी कुणाला दाखवलं, ही कमेंट कुणी डिलीट केली. एकींनी मला स्वतःच्याच पेजवरची एक पोस्ट पहिल्यांदा माझ्यासमोर वाचली आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी असं म्हटलं होय?"

आणि अकाउंट चालवणाऱ्या पोरांना भेटा. पुतणे, भाचे, कॉलेजची मुलं, छोट्या एजन्सीवाले. एकेकाकडे पाच-पाच उमेदवारांची खाती असतात आणि त्यांना कोणी कधी काही विचारत नाही त्यामुळे ते खूप सांगतात. बाईंसाठी गुलाबी बॅकग्राउंड का, असं एकाला विचारलं, तो म्हणाला टेम्प्लेटच तसं येतं.

मतदार बायकांचा फोन

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के होते. आपल्या शहरात हे बरंच बरं आहे असं वाटतं, पण घरकाम करणाऱ्या बायकांशी बोला. फोन आहे, पण संध्याकाळी मुलाच्या अभ्यासाला जातो, रिचार्ज नवरा करतो, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणत्या ग्रुपात आहे ते सून सांगते. म्हणून सर्व्हेत "तुम्ही सोशल मीडिया वापरता का" असं विचारू नका, काल फोन किती वेळ तुमच्या हातात होता आणि शेवटचा राजकीय व्हिडिओ कुणी दाखवला असं विचारा. "पोरीने दाखवला" हे उत्तर इतक्यांदा येतं की मी नंतर पोरींशीच बोलायला लागले. आणि मतदान संपेपर्यंत तुमच्या सर्व्हेचे आकडे कुठेही टाकू नका, स्टेटसलाही नाही.

नीती आणि स्वतःची काळजी

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात खोट्या नावाने शिरू नका. अ‍ॅडमिनला सांगा, ग्रुपवर स्वतःची ओळख मराठीत लिहा, कोणी नको म्हटलं तर त्याचे मेसेज घेऊ नका. यात खूप ग्रुप हातचे जातात, जाऊ देत. फोन नंबर लगेच काढून टाका. कमेंट प्रबंधात जशीच्या तशी छापली की सर्च करून लिहिणारा सापडतो, म्हणून भाव ठेवून शब्द बदला आणि तसं बदललंय हे पद्धतीच्या प्रकरणात सांगा. एखाद्या बाईचा मॉर्फ केलेला फोटो हाती आला तर तो साठवू नका, फक्त काय होतं ते लिहून ठेवा आणि बाईंना माहीत आहे का ते बघा, डेटापेक्षा ते आधी. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सूट आहे, पण ती अटींसकट आहे, डेटा वापरून एखाद्या माणसाबद्दल निर्णय घ्यायचा नाही ही त्यातली मोठी अट. संमतीपत्र सोप्या मराठीत, एका पानात. "सदर संशोधनाअंतर्गत" असं लिहिलं की लोकांना कोर्टाचा कागद वाटतो आणि सही करत नाहीत.

तुमचं स्वतःचं खातं प्रायव्हेट करा. कुणाच्याही पोस्टला लाइक नाही. मी एका ताईंच्या रीलला चुकून बदाम दिला आणि दुसऱ्या पार्टीच्या पोराने दुसऱ्या दिवशी विचारलं, मॅडम तुम्ही त्यांच्या का? पुढे दोन महिने त्या प्रभागात मला चहा मिळाला, मुलाखत नाही मिळाली.

हार्ड डिस्क दोन ठेवा, दोन्हीला पासवर्ड, एक घरी आणि एक मैत्रिणीकडे. पावसात सीवूड्सला बॅग भिजली तेव्हापासून हे शिकलेय.

लिहायला बसाल तेव्हा रोज शीट उघडून एकदा जुन्या पेजवर चक्कर मारा, निकालानंतरही किमान सहा महिने. कोपरखैरणेच्या त्या ताई हरल्या. मागच्या आठवड्यात बघितलं तर पेजचं नाव परत बदललंय, सौ. गेलं, ताई गेलं, पुन्हा भाऊ मित्रमंडळ. बदलल्याची तारीख शीटमध्ये टाकली. ताईंनी मात्र मला फोन करून स्वतःसाठी इन्स्टा डाउनलोड कसं करायचं विचारलं, शनिवारी दुपारी जाणार आहे, जेवायलाच बोलावलंय, यावेळी त्यांनीच.